चष्म्याच्या घरातलं कात्रण

टाचणीनं डूख धरला तो चार ओळींवरून. टाचणी हे तिचं पेपरच्या कचेरीतलं नाव; बातमी लहानशी, पण टोचायची. कारखान्याची पाण्याची टाकी कोसळली तेव्हा मेलेल्या सातही जणांची नावं तिनं वयासकट लिहून दिली. संध्याकाळी कारखानदाराचा फोन आला आणि संपादकानं साताचे तीन केले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौघांची माणसं दारात येऊन उभी राहिली, तेव्हा पेपरानं दिलगिरी छापली: 'आमच्या वार्ताहराच्या निष्काळजीपणामुळे' वगैरे, तिच्या नावानिशी. खापर फोडायला एक डोकं हवं होतं, तिचं सापडलं. नोकरी गेली.

नोकरीचं तिनं गिळलंही असतं. पण तिचे वडील त्याच पेपरात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. छापील अक्षरापुढे पोटच्या पोरीचा शब्द त्यांना कच्चा वाटे. तिनं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "छापून आलंय." कात्रण त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवलं. रोज सकाळी चष्म्याबरोबर त्या चार ओळीही बाहेर येत. अकरा वर्षं बापलेक चहाला समोरासमोर बसले आणि हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.

दुसरा कुठलाच पेपर तिला दारात उभं करीना. मग शिकवण्या सांभाळून, दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिनं स्वतःच्याच आयुष्याची कादंबरी लिहिली. टाकी, फोन, संपादकाचं लाल पेन, सगळं खरं. फक्त एक गोष्ट धडधडीत खोटी: कादंबरीतला संपादक दारू पिऊन तर्र असतो आणि त्या धुंदीत आकडा बदलतो. खरा संपादक साधा कडक चहासुद्धा घेत नसे. मात्र दुसऱ्याची चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. नऊ वर्षं त्याच्या हाताखाली काढलेल्या टाचणीला ही त्याची नस पक्की ठाऊक होती.

कादंबरी छापून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मासा गळाला लागला. वाचकांच्या पत्रांत त्याचं सहीनिशी पत्र आलं: 'तो संपादक मीच, हे सगळे जाणतात. पण मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. तो आकडा मी पूर्ण शुद्धीत बदलला.' टाचणीनं ते तीनदा वाचलं आणि मनसोक्त हसली. चौघांच्या माणसांनी पत्र वकिलाकडे नेल्याचं कळलं तेव्हा पुन्हा हसली. का हसू नये?

तिनं पेपर वडिलांच्या बशीशेजारी ठेवला. त्यांनी सवयीनं हातात पेन्सिल घेऊन पत्र वाचलं. कात्रण काढून शेजारी ठेवलं. पुन्हा दोन्ही वाचली. एका वाक्यासाठी अकरा वर्षं थांबलेली ती समोर बसून राहिली.

"मग तू दारूचं खोटं का लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"सगळं खरं लिहिलं असतं तर तो गप्प बसला असता, बाबा. आणि तुम्ही मलाच खोटी म्हणत राहिला असता."

मग जुनं कात्रण फाडायला त्यांनी उचललं, तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरलं.

"फाडू नका," ती म्हणाली. "दोन्ही ठेवा घरात, चष्म्याच्या. रोज सकाळी दिसू देत."