काकांचं वार्षिक मरण

माझे काका गेली अठरा वर्षं दर जत्रेला मरतात.

कासू स्टेशनपासून जवळच आमचं गाव. जत्रेला गावकरीच नाटक करतात आणि त्यात काका दरोडेखोर असतात. शेवटी नायकाची गोळी लागते आणि काका मरायला घेतात. त्यांना मरायला दहा मिनिटं लागतात. (एकदा मध्येच पाणी मागून प्यायले!) त्यासाठी धाटावच्या कंपनीत ते दोन महिने आधीच शिफ्ट बदलून घेतात. सुपरवायझरला कारण सांगतात, "मरायचं हाय."

मी पेणला मराठी शिकवतो, म्हणून नाटकाची वही माझ्याकडे आली. लोकांना किती बदल सोसतो, याचं मला भारी कुतूहल. बायकांची कामं पुरुष करायचे, ती मी मुलींना दिली. म्हातारे चिडतील असं वाटलं होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मागचा रंगवलेला पडदा जाऊन स्क्रीन आला, तोही खपला. मग मला चेव चढला आणि मी शेवटच बदलला. आता नायक दरोडेखोराला माफ करून मिठी मारणार होता.

काकांना घरी जाऊन सांगितलं. ते चहाकडे बघत म्हणाले, "चालंल."

काकू म्हणाली, "अरे, त्यांचं मरण काढून घेतलंस?"

"काकू, माणसानं बदल स्वीकारावा," मी ऐटीत म्हणालो.

जत्रेच्या दिवशी मी वही घेऊन विंगेत उभा. नायकानं माफ केलं, मिठी मारली. आता पडदा पडणार, एवढ्यात काकांनी छातीला हात लावला.

"येवढी माफी... मला सोसत नाय," असं म्हणून ते कोसळले.

नायक घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी कुजबुजलो, "काका, उठा. तुम्ही जिवंत आहात."

"तू वाच," काका डोळे मिटून पुटपुटले, "मी मरतो."

आणि मेले! उठून, लोळून, चारही दिशांना हात जोडून, तब्बल चौदा मिनिटं. प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडले, तेव्हा उठून पुन्हा मेले. पहिल्या रांगेत काकू पदरानं डोळे पुसत होती, खरं तर काका मरणार हे तिला आधीपासून माहीत असावं.

मेकअप पुसताना मी विचारलं, "काका, मुली चालल्या, स्क्रीन चालला, मग हेच का नाही?"

"कंपनीत आठ तास मशीनीजवळ उभा आसतो, माझ्याकडं कोण बघत नाय," ते म्हणाले. "हितं मरतो, तवा अख्खा गाव बघतो. बाकी तू काय पण बदल."

मला फार वाईट वाटलं. अठरा वर्षं मी त्या मरणाला हसत आलो होतो. त्याच दिवशी वहीत जुना शेवट परत लिहिला.

यंदा काका आपणहून पेणला आले. म्हणाले, "नाटकात एक बदल पायजे. पयल्या अंकात पण मरतो."

माझा पाराच चढला. "काका, मूळ नाटकाला असा हात लावायचा नसतो. ती एक परंपरा आहे!"

काकांनी शांतपणे बशीत चहा ओतला. "माणसानं बदल स्वीकारावा. तूच म्हनलास ना?"

सध्या मी वही उघडून बसलोय. पहिल्या अंकात मेलेला माणूस दुसऱ्या अंकात दरोडा कसा घालतो, हे कुणाला सुचलं तर कृपया कळवा.