सॅक्सोफोन घ्यायला आण्णा आले होते

माझा आणि संगीताचा संबंध म्हणजे शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं एक वाक्य. "बाळा, तू नुसते ओठ हलव." पुढं पंचविसेक वर्षं मी तो सल्ला इमानानं पाळला. मग पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता झालो, लग्न झालं, कोल्हापुरात घर झालं, केस मागं सरकले, पोट पुढं आलं आणि अशा ऐन उमेदीच्या काळात मला सॅक्सोफोन वाजवायची इच्छा झाली.

दोन हजार सालच्या आगंमागं आमचे एक साहेब निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला ऑर्केस्ट्रा ठेवला होता. जेवणं चालू असताना काळ्या कोटातला एक जाडसर माणूस पुढं आला आणि त्यानं सॅक्सोफोनवर एक संथ, जुनी चाल वाजवली. मी बासुंदी खात होतो. सहज समोर बघितलं तर आमचे हेडक्लार्क रुमालानं डोळे पुसत होते. या गृहस्थांनी माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या लग्नालाही माझी रजा अडवली होती. ज्या वाद्यानं या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, ते आपल्याकडं पाहिजेच, असं मी वाटी चाटता चाटता ठरवलं.

बायकोला सांगितलं. ती नर्स होती, रुग्णाचं कसलंही म्हणणं शांतपणे ऐकायची तिला सवय.

"वाजवणार कुठं?" तिनं विचारलं.

"घरात."

"आणि आम्ही कुठं जायचं?"

यावर मी काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेर आले. आण्णा मुरगूडकडच्या एका शाळेतून प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. घरात ते गावाकडची बोली बोलायचे, पण राग आला की एकदम पाठ्यपुस्तकातलं शुद्ध मराठी. आण्णा शुद्ध बोलायला लागले की आमच्या घरात भांड्यांचा आवाजसुद्धा बंद व्हायचा.

"आपण काय विकत घेणार आहात?" आण्णांनी मला विचारलं.

"सॅक्सोफोन," मी म्हणालो. "परदेशी वाद्य आहे, आण्णा."

"परदेशी असो वा देशी, वाजवणाऱ्याला लोक वाजंत्रीच म्हणतात."

ते जेवायला न बसताच आत गेले. मला कळलं ते का रागावले, आणि कळलं म्हणून जास्त अवघडल्यासारखं झालं. माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. हौस म्हणून नव्हे, जातीचं काम म्हणून. गावात लगीन असो, जत्रा असो, कुणी मेलेलं असो, निरोप आला की हलगी घेऊन जायचं, पुढं चालायचं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं पदरात घेऊन यायचं. छप्पननंतर आमच्या वस्तीनं बुद्ध धम्म घेतला, तेव्हा आजोबांनी हलगीचं कातडं फाडून टाकलं. लाकडी कडं तेवढं राहिलं. आजीनं ते पाण्याच्या घागरीखाली ठेवायला घेतलं. गावानं बोलावणी धाडली, दमही दिला, पण त्यानंतर आमच्या घरातलं कुणी कुणाच्या दारात वाजवायला गेलं नाही. ही गोष्ट आण्णांनी आम्हांला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती, की मला ती इतिहासाच्या धड्यासारखी पाठ होती. आणि इतिहासाच्या धड्याचं जे होतं तेच झालं होतं, मार्क पडले आणि विषय संपला.

तरी माझं खूळ काही गेलं नाही. मी राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत जाऊन सॅक्सोफोनविषयी वाचायला लागलो. आल्टो म्हणजे मधला, टेनर म्हणजे थोरला, सोप्रानो सनईसारखा सरळ. शिकाऊ माणसानं आल्टो घ्यावा, तो हलका असतो, फुंक कमी लागते, असं सगळीकडं एकमुखानं लिहिलेलं. हे वाचून मी टेनर घ्यायचं ठरवलं. कारण निरोपसमारंभातल्या त्या माणसाच्या गळ्यात थोरला होता. नवशिक्यांसाठी लिहिलेला सल्ला आपल्याला लागू नाही, असं प्रत्येक नवशिक्याला वाटत असावं. मला तर फारच वाटलं.

वाचून इतकं ज्ञान झालं की फक्त वाजवायचं तेवढं राहिलं. मग ऑफिस सुटल्यावर एक दिवस गंगावेशीजवळच्या एका बँडवाल्यांच्या खोलीवर गेलो. दारात खुंटीला लाल-सोनेरी कोट ओळीनं टांगलेले. आत एक मास्तर चहा पीत बसले होते.

"या पावणं," ते म्हणाले. "तारीख कुठली?"

"तारीख नाही. मला सॅक्सोफोन बघायचाय."

"सॅक्सोफोनवाला सेट म्हाग पडतोय. वरात कुठनं कुठं हाय?"

वरात नाही, नवरा नाही, मलाच वाजवायला शिकायचंय, हे त्यांच्या गळी उतरवायला जरा वेळ लागला. उतरल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाटामागून एक टेनर काढला. पितळ काळं पडलेलं, चाव्यांना जागोजागी रबरबँड. पण त्यांनी तो तोंडाला लावला आणि खोली भरून गेली. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, हाच घेतो. मग मी फुंकलं. सायकलच्या ट्यूबमधनं जशी हवा जाते तसा आवाज आला.

"कुठली चावी दाबायची?" मी विचारलं.

"चावी न्हवं," मास्तर म्हणाले. "ह्यो रबर हाय न्हवं, त्यो डाव्या गुडघ्यानं वर ढकलायचा. आन ही पट्टी कोटाच्या बटणात आडकवायची. मग वाजतंय की झकास."

माझ्या कोटाला तसलं बटण नव्हतं. मला कोटच नव्हता. ते वाद्य जगात फक्त त्यांच्याच गुडघ्याला ओळखत होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगितलं, कारण ती चाल कानातून जात नव्हती. मास्तरांनी शिकवायचंही कबूल केलं.

घरी आलो आणि बायकोनं रात्रीच्या भाकरीला पीठ मळता मळता सगळं आण्णांना सांगून टाकलं. मुद्दाम नव्हे. आण्णांनी विचारलं, "ह्यो कुठं गेलता?" आणि ती म्हणाली, "मामा, बँडवाल्याकडं." खोटं बोलण्याचा तिला कंटाळा होता.

मी शुद्ध मराठीची वाट बघत बसलो. पण आण्णा गावाकडच्या बोलीतच म्हणाले, "जुनं घ्याचं न्हाय."

"काय?"

"दुसऱ्याचं उष्टं तोंडाला लावायचं न्हाय. माझ्या बानं त्येच सोडलं. घ्याचं आसंल तर नवं कोरं घ्याचं, दुकानात जाऊन. मी येणार हाय संगं."

"तुम्ही?"

"मग? शाळंची घंटा, बाकडी, फळा सगळं मीच पारखून घेतलंय. आन एक सांगतो, कुणाच्या दारात जाऊन वाजवायचं न्हाय. कुणी पैसं देतो म्हटलं तरी न्हाय."

मी गंभीर चेहऱ्यानं शब्द दिला. आज सांगायला हरकत नाही, इतक्या सहज पाळता आलेला शब्द मी आयुष्यात दुसरा दिला नाही. मी वाजवावं म्हणून पैसे द्यायला आजवर कुणीही आलेलं नाही. बंद करावं म्हणून शेजारच्या वकिलांनी मात्र एकदा बायकोकडं चौकशी केली होती.

रविवारी आण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून, स्कूटरच्या मागं बसले. लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात पेट्या, ढोलक्या, तबले आणि काचेच्या कपाटात दोन सॅक्सोफोन, एक आल्टो, एक टेनर. दोन्ही मेरठकडचे, नवे, चकचकीत. दुकानदाराला स्वतःला कुठलंच वाद्य येत नव्हतं, हे त्यानंच अभिमानानं सांगितलं. "वाजवत बसलो तर विकणार कधी?"

मी नेट कॅफेतलं ज्ञान बाहेर काढलं. पॅड गळतात का, स्प्रिंगा कशा आहेत, रीड कुठल्या नंबरची. दुकानदार प्रत्येक प्रश्नाला "एक नंबर" एवढंच उत्तर देत होता. शेवटी त्यानं टेनरचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. समोर आरसा होता. आरशात मला एक मध्यम उंचीचा सरकारी नोकर दिसला, ज्याच्या गळ्यात कुणीतरी घंघाळ बांधलं होतं.

"तू ते वाजवणार का ते तुला?" आण्णा स्टुलावरून म्हणाले.

मी छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा आतून अडलेल्या म्हशीसारखा एक हंबरडा निघाला. रस्त्यावरून जाणारा एक माणूस सायकलवरून उतरून आत डोकावला.

"आवाज आला की!" दुकानदार म्हणाला. "पहिल्याच दिवशी! काहींना महिना लागतोय."

मी फुशारलो. हेच घ्यायचं म्हणून बसलो. आण्णा म्हणाले, "धाकटं बघ." दुकानदार म्हणाला, "आल्टो नाजूक, साहेब. गड्यानं टेनरच वाजवावा." मला एवढंच ऐकायचं होतं.

दुकानदार बिल करत असताना आण्णा उठून पेटीजवळ गेले. सॅक्सोफोन ठेवायची ती काळी, टणक पेटी. ती बळकट आहे का हे बघायला त्यांनी झाकणावर बोटं मारली. एकदा, दोनदा. मग बोटं थांबलीच नाहीत. डाव्या हाताच्या बोटांनी बारीक, उजव्या तळव्यानं भरीव, असा एक ठेका त्या झाकणावर सुरू झाला, आधी हळू, मग चढत गेला. बिल लिहिता लिहिता दुकानदारानं मान वर केली. ढोलकीची वादी ताणत बसलेला कारागीरही बघायला लागला. आण्णा कुणाकडं बघत नव्हते. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि खांदा किंचित हलत होता. माझ्या जन्मात मी त्यांना टेबलावरसुद्धा ताल धरताना पाहिलं नव्हतं.

"काका, वाजवता काय तुम्ही?" दुकानदारानं विचारलं.

आण्णांनी हात उचलला. "नाही," ते म्हणाले. "पेटी उत्तम आहे."

मराठी शुद्ध होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

येताना ती पेटी मांडीवर आडवी धरून ते मागं बसले होते. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते माझ्या पाठीमागून म्हणाले, "बा जायचा तवा मीबी जायचो. जाळावर हलगी शेकून द्याचं काम माझं. कातडं तापलं की कसा आवाज लागायचा, सांगू." सिग्नल सुटला. मागच्या ट्रकनं हॉर्न मारला. पुढं ते म्हणाले, "लई आवडायचं मला. त्येचाच राग येतोय."

मी स्कूटर नीट चालवली, एवढंच केलं.

आता माझं. पहिल्या धड्याला मी टेनर घेऊन गंगावेशीत गेलो. मास्तरांनी पेटी उघडून बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "येवढं मोठं? पोटात वारं हाय काय तेवढं?" मी म्हणालो, बघा तर. जोर लावून एक सूर धरला, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी शांतपणे खाली लाल-सोनेरी कोटांच्या ढिगात बसलो. मास्तरांनी पाणी पाजलं. पुढच्या काही दिवसांत मान धरली, खालचा ओठ सोलून निघाला, आणि हाताचा अंगठा सुजून फाईलवर सही करता येईना. घरात नर्स असल्यामुळं औषधोपचार चांगला झाला, सहानुभूती मात्र मिळाली नाही.

शेवटी मी टेनर घेऊन पुन्हा लक्ष्मीपुरीत गेलो. एकटाच, मान वाकडी करून. दुकानदारानं माझ्या मानेकडं बघितलं. कपाट उघडून आल्टो काढला आणि म्हणाला, "टेनर नेणारे सगळे येतातच परत. म्हणून तर आल्टो विकत न्हाय मी पटकन. ठेवून देतो."

आल्टो घेऊन घरी आलो तेव्हा आण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेटीच्या आकाराकडं बघितलं, चष्मा सारखा केला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. "धाकटं बघ म्हटलं हुतं न्हवं?" हे त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, नंतरही कधी काढलं नाही. मला ते ऐकण्यापेक्षा जड गेलं.

मी शिकलो. म्हणजे चार चाली बसवल्या, त्यातल्या दोन सलग वाजतात. सकाळी गच्चीवर रियाझ करतो. वकील आता फिरायला रंकाळ्यावर जातात, त्यांची शुगर त्यामुळं कमी झाली असं ते स्वतःच सांगतात. जयंतीला विहारातल्या कमिटीनं एकदा विचारलं, की तुमच्या चिरंजीवांचं वाद्य ठेवू या का कार्यक्रमात. आण्णा तिथंच होते. विहार म्हणजे काही परक्याचं दार नव्हे, मला वाटलं होकार देतील.

"त्यो अजून शिकतोय," आण्णा म्हणाले. "फुडल्या वर्षी बघू."

दर वर्षी कमिटी विचारायची आणि दर वर्षी ते हेच सांगायचे. मात्र गावाकडचं कुणी घरी आलं, की चहा व्हायच्या आत आण्णा स्वतः उठून ती पेटी बाहेर आणत. पाहुण्यांपुढं ठेवत, उघडून दाखवत, फडक्यानं पितळ पुसत.

"नवं कोरं घेतलंय," ते सांगत. "मी संगं गेलतो. बघा, हात लावून बघा. पण त्येला वाजवायला सांगू नगा."