कागद हलला पाहिजे

आमचे काका इंग्रजी उच्चारांची शिकवणी घ्यायचे. पुढच्या खोलीत बाकं, भिंतीला आरसा आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी. ‘पेन’ म्हणताना ओठांतून हवा सुटून कागद हलला पाहिजे, ‘थिंक’ म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये दिसलं पाहिजे. नाही जमलं की काका गरजायचे, “चूक!” आत काकूच्या तोंडून एखादा इंग्रजी शब्द निघाला, तरी बाहेरून तेच. काकूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “जेवायला बरे बिनचूक येता,” असं ती ऐकवायची.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. “त्यांना सगळं समजतंय, पण ते प्रयत्नच करत नाहीत. असेच गप्प राहिले तर पुढे कठीण आहे.”

काकूने त्यांचीच पट्टी त्यांच्या ओठांसमोर धरली. “म्हणा, पेन.” काका भिंतीकडे बघत राहिले. रोज हेच. जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार घासूनपुसून लख्ख केलेल्या माणसाला स्वतःचा वेडावाकडा आवाज काढायची लाज वाटत होती. मला त्यांची कीव यायची आणि तितकाच रागही.

एका दुपारी काकूने पट्टी बाजूला टाकली. “नका बोलू. मीच बोलते.” त्यांच्याकडे रोखून बघत ती म्हणाली, “टिंक.”

काकांच्या कपाळाला आठी पडली.

“तँक यू. टिंक.”

“काकू, पुरे! कशाला छळतेस त्यांना?” मी ओरडले. तिने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात वर आला, बोट दातांकडे गेलं. घशातून घरघर सुरू झाली. दुसरा झटका येतोय असं वाटून मी फोनकडे धावले. काकूचेही ओठ पांढरे पडले होते, पण ती मागे हटेना.

“टिंक! टिंक! टिंक!”

“च्... चू... क!”

शब्द फाटका होता, लाळेने भिजलेला. माझ्या हातातला फोन तसाच राहिला.

काकूने रुमालाने त्यांची हनुवटी पुसली. तिला हुंदका आवरत नव्हता.

“परत म्हणा,” ती म्हणाली. “हवं तितक्या वेळा म्हणा.”