आमच्या पाण्यानं रस्ता ओलांडला

एका रस्त्याखालून एक नळ घालायचा, एवढीच ती गोष्ट. पण त्या नळात पाणी यायच्या आधी किस्सेच इतके साठले, की लग्नाकार्यात चार बाया बसल्या की अजून म्हणतात, "वयनी, ते रस्त्याचं सांग गो!" मग मी सांगते.

आटपाट नगर नव्हतं ते. आटगावहून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. तिथं गोमा नावाचा शेतकरी राहायचा, ते माझे सासरे. त्यांची बायको, ती माझी सासू. थोरला मुलगा म्हणजे आमचे हे, आणि धाकटा चांगो, बिनलग्नाचा. विहीर रस्त्याच्या अलीकडं, वांग्यांची वाडी पलीकडं. रस्ता मातीचा होता तोवर मोटेचं पाणी पाटानं सरळ आडवं जायचं. मग रस्ता उंच केला, वर खडी घातली आणि आमचा पाट बुजला. त्या दिवसापासून पाटाचं काम माझ्या डोक्यावर! हंडा भरायचा, रस्ता ओलांडायचा, वांग्यांना ओतायचा.

* * *

चांगोला पोरगी बघितली होती, मुरबाडपल्याडच्या म्हसा गावाकडची. ठकी तिचं नाव. तिचा बाप हिरू आमचं घर बघायला आला आणि नेमकी त्याच वेळी मी हंडा घेऊन रस्त्यात! प्रवाशांची सर्व्हिस मोटार भोंगा वाजवत अंगावर आली. मी मारली उडी. मी एका बाजूला, हंडा दुसऱ्या बाजूला गडगडत गेला. हिरूची चहाची बशी तोंडाजवळच थांबली.

"गोमा, माझी पोर चुलीपुढं नांदंल, मोटारीपुढं नाय! पानी आपल्या पायानं पल्याड गेलं की निरोप धाड. तोवर राम राम."

उठला आणि गेला! चांगोचं तोंड असं पडलं, की माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

* * *

सासरे म्हणाले, "त्यात काय, उद्या खनू." सकाळी कुदळ उचलली, तोच रस्त्याचे ओव्हरसियर साहेब सायकलवरून उतरले.

"परवानगी काढलीत?"

"कुनाची?"

"सरकारची. रस्ता सरकारचा आहे."

सासऱ्यांची कुदळ हातातच राहिली. "साहेब, रस्ता आमच्या शेतातून नेला तवा आमाला कोनी इचारलं नाय. आन आता आमचं पानी त्याच्या खालून न्यायचं, तर आमीच इचारायचं?"

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. म्हणाले, "हो!"

परवानगी मिळाली, पण बरोबर नियम आले. एका वेळी अर्धाच रस्ता खणायचा, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या गेल्या पाहिजेत. तीन हात खोल जायचं. खड्ड्यावर दिवसा लाल फडकं, रात्री कंदील. आणि नळ नुसता पुरायचा नाही, त्याच्याभोवती दगडांची मोरी बांधायची. म्हणजे नळ फुटला तर बाजूनं ओढून काढता येतो, रस्ता उकरायला नको.

सासूनं कपाळाला हात लावला. "अगो बाई! नळाला पन अंगरखा?"

* * *

घरात लाल फडकं नव्हतं. लाल होतं ते माझं लग्नातलं लुगडं! आमच्या ह्यांनी माझ्याकडं न बघताच त्याचा पदर फाडला आणि बांबूला बांधला. खड्ड्याभोवती चुना लावलेले दगड ठेवले, गाडीवानांना दिसावे म्हणून.

दिवस म्हशाच्या जत्रेचे. सकाळी जाऊन बघते तर काय! दगडांवर गुलाल, पुढ्यात नारळाची शकलं आणि बांबूला एक जिवंत कोंबडा बांधलेला! रातोरात जत्रेकरूंनी आमच्या खड्ड्याचा देव केला होता.

त्या अर्ध्यात मोरी बांधून नळ बसवला आणि आम्ही खड्डा बुजवायला लागलो, तर जत्रेच्या गाडीतून एक म्हातारी ओरडली, "अरं मेल्यांनो, देवाला गाडता?"

चांगो हात जोडून म्हणाला, "आये, देव नाय गो, नळ हाय!"

म्हातारी खाली उतरली, वाकून खड्ड्यात बघितलं आणि म्हणाली, "मग माझा नारळ दे!"

* * *

पलीकडचा अर्धा रस्ता चांगोनं एकट्यानं खणायला घेतला. घाई त्यालाच! जेवायलासुद्धा वर येईना. संध्याकाळी साहेबांनी दोरी धरली, तर दोन्ही चर एकमेकांना भेटेचनात. ह्याचा चर वाकडा होत होत मुरबाडच्या दिशेला गेलेला!

सासरे काठावर उभे राहून म्हणाले, "अरं, वाडी समोर हाय. सासुरवाडीला कशाला खनत निघालास?"

साहेबसुद्धा हसले. पण चर परत खणायला लावला.

* * *

ह्या अर्ध्यातल्या मोरीवर झाकायला मोठे, सपाट दगड कमी पडले. लढाईचे दिवस, लोखंड तर मिळतच नव्हतं. साहेबांची नजर फिरत फिरत आमच्या न्हाणीपाशी गेली. सासू पुढं होऊन धुण्याच्या दगडावर जाऊन बसली.

"सुनंचं लुगडं नेलं, मी बोलले नाय. ह्यो दगड नाय द्यायची!"

चांगो केविलवाणं तोंड करून तिच्यासमोर उभा राहिला. सासूनं त्याच्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं आणि उठली. "ने रं बाबा! तुझी बायको आली की तिलाच सांगीन, कुठं धुवायचं ते!"

* * *

उरलेले खापराचे नळ बसले, मोरी झाकली, वर मुरूम, खडी घालून धुम्मसानं ठोकणं, सगळं झालं. साहेबांनी भातानं भरलेली गाडी वरून नेली. रस्ता दबला नाही. म्हणाले, "सोडा पाणी."

हिरू त्या दिवशी कसाऱ्याला मावशीकडं राहिलेल्या ठकीला घेऊन घरी चालला होता. त्यानं रस्त्यावरच गाडी थांबवली. पोर गाडीत, पदर ओढून. नियोजित नवऱ्याच्या दारात पोरीनं उतरायची रीतच नव्हती.

ह्यांनी मोट सोडली. पाणी अलीकडून नळात शिरलं. पलीकडं काहीच नाही! आम्ही सगळे वाकून नळाच्या तोंडाकडं बघतोय. आधी एक बेडूक बाहेर आला. मग माती. आणि मग असा धबाका सुटला, की वाडीतला नवा पाट फुटला आणि पाणी उलटं फिरून रस्त्याच्या कडेला लागलं!

"रस्ता! रस्ता खचेल!" साहेब ओरडले. आम्ही सगळे दगडासारखे उभे. चांगो तर तोंड उघडं टाकून गाडीकडंच बघत होता.

तेवढ्यात गाडीतून ठकीनं उडी मारली! कासोटा खोचला, चांगोच्या हातातलं फावडं हिसकलं, चिखलात पोटऱ्यांपर्यंत उतरली आणि दोन ढेकळं इकडं, तीन तिकडं करून पाणी सरळ वांग्यांच्या सरीत वळवलं. अजून हळदसुद्धा दळली नव्हती!

साहेबांनी विचारलं, "ही कोण?"

सासू म्हणाली, "धाकटी सून!"

हिरूनं चिखलातल्या लेकीकडं बघितलं, वाहत्या सरीकडं बघितलं, मग बैलांचा कासरा हातात घेत विचारलं, "गोमा, गाडी रिकामीच नेऊ का रं?"