सहमचे कावळे आणि पिवळे इअरमफ

शिकारीला जाताना कान झाकावेत, असं माझं ठाम मत आहे. तोंडही झाकावं, हे मला सहमला गेल्यावर कळलं.

मी मस्कतजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करते. त्यामुळे आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये नारळसुद्धा चष्मा लावून फोडला जातो. (हसू नका. करवंटी उडाली की कळेल.) तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या, साहेबांनी आम्हाला सहम गावातल्या आपल्या शेतावर कावळ्यांच्या शिकारीला बोलावलं, तर मी डब्याआधी चार इअरमफ भरून घेतले. पिवळेधमक, जनरेटरपाशी लावतात ते. कानांवर दोन वाट्या उपड्या घातल्यासारखं दिसतं खरं, पण फाटलेला कानाचा पडदा शिंपी शिवून देत नाही.

आमंत्रण नाकारायची सोयच नव्हती. जानेवारीत पुण्याला माझ्या भाचीचं लग्न होतं आणि विनयची सुट्टी साहेबांच्या एका ‘इन्शाल्ला’वर अडली होती. हे इन्शाल्ला साहेब हसत म्हणाले होते की सुस्कारा टाकून, यावर आमच्या घरी रोज जेवताना वाद व्हायचा.

"तिकडे सुट्टीचा विषय काढायचा नाही," विनयने गाडीतच दम भरला. "आणि मराठीत कुजबुज तर अजिबात नाही! सालेम सर पुण्यात शिकलेत. त्यांना सगळं कळतं."

"मग बोलायचं काय?"

"हसायचं."

मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र घ्या म्हटलं की "मी काय म्हातारी झालेय?" असं विचारतात. (वय ऐंशीला टेकलंय.) पण कावळे हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला.

"कावळे कशाला मारायचे गं? पितर असतात ते! सईचे आजोबा निघाले त्यात तर?"

"पण आजी," आमची सई म्हणाली, "आजोबांना ओमानचा व्हिसा कोण दिला?"

(सईचं मराठी असंच आहे. शाळेत इंग्रजी, घरी तडजोड.)

शेत छान होतं. खजुराची झाडं, लिंबं, कडेला कोंबड्यांचं खुराडं. कावळे रोज पिल्लं उचलून नेत होते, म्हणून सालेम सरांनी रीतसर परवानगी काढून बंदूक आणली होती. झाडाखाली चटई अंथरली होती, त्यावर काहवा (इथली बिनदुधाची कडवट कॉफी), खजूर आणि हलव्याचं भलंमोठं ताट. साहेबांनी स्वतःच्या कानांवरही हिरवे, ऐटबाज इअरमफ चढवले, तेव्हा माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर दाटून आला.

"काय वहिनी, सगळं कुटुंब तयारीनिशी आलंय!"

मी हसले. ठरलंच होतं तसं.

साहेब आमच्याकडे पाठ करून पुढे जाऊन उभे राहिले. पहिला बार झाला. कावळा उडाला, एक गिरकी मारून परत त्याच फांदीवर येऊन बसला. दुसऱ्या बाराला खजुराची एक झावळी पडली. तिसऱ्याला काहीच पडलं नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे सगळ्यांचेच कान बंद होते! साहेबांसमोर बसून मनमोकळं मराठी बोलायची अशी संधी परत कधी मिळणार? मी विनयच्या कानावरची वाटी जरा उचलली.

"अरे, यांचा नेम बघ! कावळे आता ओळखीचे झाल्यासारखे बसलेत!"

विनय पांढराफटक पडला. त्याने माझी वाटी उचलली. "गप्प बस! ऐकतील ते!"

"कान झाकलेत त्यांनी."

"नक्की?"

"कोण आहे सुरक्षा विभागात? तू की मी?"

मग त्यालाही धीर आला. एकमेकांच्या वाट्या उचलत आमचं सविस्तर बोलणं सुरू झालं.

"सुट्टीचं काय करू गं?"

"सरळ सांग, आईंची तब्येत फार बिघडलीय. डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलंय. आपल्या माणसांत राहायला हवं म्हणावं."

"आणि त्यांनी आईला बघायला यायचं म्हटलं तर?"

"झोपवू त्यांना! तोंडाला पावडर लावली की माणूस आजारीच दिसतो!"

एवढं ठरतंय न ठरतंय तोच या अत्यवस्थ बाईंनी हातातली हलव्याची वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि बंदुकीच्या दिशेने धाव घेतली. "हाड! हाड! उडा रे बाबांनो, उडा!"

"आई, थांबा!" मी ओरडले. त्या थांबल्या नाहीत. थांबतील कशा? त्यांच्या कानांवर माझेच पिवळे इअरमफ होते! उत्तम दर्जाचे! मी त्यांच्यामागे, विनय माझ्यामागे, आणि सई चटईवर बसून व्हिडिओ काढतेय!

पण साहेबांनी बंदूक केव्हाच खाली केली होती. काडतुसं काढून हातात धरून ते शांत उभे होते. पाठ आमच्याकडे असूनही!

"तुम्हाला... कसं कळलं?" मी धापा टाकत विचारलं.

"आईंच्या बांगड्या वाजल्या ना."

"कान झाकलेले असताना?"

त्यांनी हिरवे इअरमफ काढले आणि त्यावरचं एक छोटं बटण दाखवलं. "हे शिकारीसाठीच असतात, वहिनी. बंदुकीचा आवाज बंद करतात आणि बारीक आवाज मोठा करतात. पाचोळ्यात काही हललं तरी ऐकू येतं."

अशी वस्तू असते, हे सुरक्षा विभागातल्या मला ठाऊक नव्हतं. आमच्या जनरेटरला कुजबुजायची सवय नाही.

"आणि... माणसांचं बोलणं?" विनयने विचारलं. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"ते तर फारच छान," साहेब म्हणाले आणि सासूबाईंकडे बघू लागले. त्यांनी एव्हाना सगळे कावळे शेजारच्या शेतापर्यंत पिटाळले होते आणि आता खुराड्याला वळसा घालून जोरात परत येत होत्या. "आईंची तब्येत फारच बिघडलीय हो. पावडर लावली का?"

मी हसले. दुसरं काहीच उरलं नव्हतं.

साहेबांनी मात्र पुढे होऊन सासूबाईंचे पिवळे इअरमफ काढले आणि आपले हिरवे त्यांच्या कानांवर चढवले. सासूबाई दचकल्या. मग त्यांचा चेहरा उजळत गेला.

"अगंबाई! कोंबडी बोलतेय! पंप पण चालू आहे वाटतं कुठेतरी! विनय, तुझं नाक केवढं वाजतंय रे! किती छान आहे हो हे!"

ओमानी माणसासमोर त्याच्या वस्तूची अशी तारीफ केली की ती वस्तू तुमच्या गाडीत जाऊन बसते. विनय नको नको म्हणत राहिला आणि साहेब त्याच्यापेक्षा मोठ्याने घ्या घ्या म्हणत राहिले. शेवटी ते म्हणाले, "खलास! आईंचे झाले ते. आणि विनय, सुट्टी घे. डॉक्टरांनी सांगितलंय ना? फक्त पुढच्या वेळी बंदूक मी आणणार नाही, तू आईंना आण. कावळे त्यांनाच जास्त घाबरतात."

लग्न झोकात झालं. सासूबाई हिरवे इअरमफ लावून पंगतीत बसल्या आणि नवऱ्यामुलाच्या आत्याने तिसऱ्या रांगेत आमच्या साड्यांवर मारलेला शेरा त्यांनी जागच्या जागी परतवला.

आता अंघोळ सोडली तर इअरमफ त्यांच्या कानांवरच असतात. परवा मी स्वयंपाकघरात, दार लावून, नळ सोडून, भांड्यांशी पुटपुटले, "कुणाला म्हणून काही सांगायची सोय नाही या घरात."

"मग नको सांगूस!" हॉलमधून उत्तर आलं.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्याच्या स्टोअरकीपरला विचारलं, माणसाचं तोंड बंद राहील असं काही सुरक्षा साहित्य येतं का? त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम."

सुस्कारा टाकून.