माझ्या हातची काडी

ऐका हो ऐका. सुरतेत उधना, पांडेसरा आणि इच्छापोरच्या कारखान्यांत राबणाऱ्या तमाम मराठी मंडळींस या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते, की रमेशभाऊ – होय तेच, ज्यांच्या हातात तुम्ही बारशात, हळदीत आणि गणपतीच्या मांडवात माईक देता आणि मग परत मागताना थकता – ते रमेशभाऊ आज एक अशी गोष्ट सांगणार आहेत, जी त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवाला नाही. खुर्च्या पुढे ओढा. लहान मुलांना शांत बसवा.

बघा. झालं सुरू. मला साधं बोलताच येत नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून हसायचं आणि मी अजून चढायचं, असं चालत आलं. म्हणून ही गोष्ट राहिली असेल का सांगायची – हिच्यात लोकांना हसू द्यायला कुठे थांबायचं तेच कळत नाही म्हणून?

नाही. तेही खरं नाही. भीती होती, म्हणून राहिली.

मी इच्छापोरच्या एका कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर होतो. मूळचा शिरपूरकडचा, राहायला उधन्याला. कारखान्यात चिक्की व्हायची. एकाच सरकत्या पट्ट्यावर आधी शेंगदाण्याची चिक्की निघायची, मग तोच पट्टा धुऊन त्याच्यावर राजगिऱ्याची वडी. वडीच्या पाकिटावर शेंगदाण्याचं चित्र आणि त्यावर लाल काट. म्हणजे यात शेंगदाणा नाही. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांच्यासाठी. 'चालत नाही' म्हणजे आवडत नाही असं नव्हे. नखाच्या टोकावर मावेल एवढा कूट पोटात गेला तरी त्यांचे ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. नंतर जेवणाच्या सुट्टीत घसा आवळलेल्या माणसाची नक्कलही करून दाखवली होती. फार छान जमली होती.

पट्टा धुऊन झाला की काडी घ्यायची. म्हणजे कापसाचा बोळा लावलेली ओली काडी धुतलेल्या पट्ट्यावर फिरवायची, नळीतल्या पाण्यात बुडवून ढवळायची आणि त्या पाण्यात एक कागदी पट्टी सोडायची. थोडं थांबायचं. एक रेघ उमटली तर सगळं स्वच्छ. दोन उमटल्या तर कुठेतरी शेंगदाणा राहिलाय – सगळं पुन्हा खोला, पुन्हा उकळत्या पाण्याने धुवा. पॅकिंगच्या बायका दुरून माना उंचावून विचारायच्या, "भाऊ, गोड बातमी शे का?" मी पोटावर हात ठेवून लाजायचो. हॉल हसायचा.

आता काडी फिरवायची कुठे? इथेच सगळं आहे. नियम असा, की जिथे घाण लपते तिथे फिरवायची. पट्ट्याच्या सांध्यात. कापणाऱ्या पात्याच्या पोटाखाली. तिथे गूळ दगडासारखा बसतो आणि त्याच्या आत कूट अडकून राहतो, वरून कितीही पाणी मारा. पट्ट्याच्या मधोमध काडी फिरवली तर काय सापडणार? मधला भाग तर पहिल्याच बादलीला लखलखतो.

सुरुवातीला मी सांध्यातच फिरवायचो. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाहीये – म्हणजे मला बरोबर माहीत होतं, एवढंच त्याने सिद्ध होतं. एका संध्याकाळी, होळीच्या आदल्या दिवशी, दोन रेघा आल्या. कंपनीची बस बाहेर उभी. बायकांनी डोक्याचे जाळीचे टोप काढलेले, ते परत चढवले. मी इतक्या लोकांचे चेहरे माझ्यामुळे पडलेले पहिल्यांदाच पाहत होतो. पुढच्या वेळी माझा हात – कसं सांगू – हात थोडा अलीकडेच थांबला. मधोमध. एक रेघ. टाळ्या वाजल्या.

टाळ्यांसाठी केलं मी ते. दमलेल्या बायकांची दया आली असं म्हणता आलं असतं. म्हटलंही असतं, पण त्याच बायकांनी टाळ्या वाजवून मला चहा पाजला नसता तर मी काडी परत सांध्यातच घातली असती, हे मला ठाऊक आहे.

मग आपल्या लोकांची एक रीत आहे, ती लागली कामाला. एखाद्याचा हात चांगला असतो. लिंबायतमध्ये दुकान उघडायचं तर बोहणी अमक्याच्याच हातून. लोणच्याला मीठ लावायचं तर तमकीनेच. तसा माझा हात काडीला चांगला, असं ठरलं. गुजराती मंडळी म्हणायची, शुकनियाळ हाथ. रमेशभाऊंनी काडी घेतली की एकच रेघ येते. माझी सुट्टी असेल तर लोक धास्तावायचे. मशीनला हार घालताना एक फूल माझ्या मनगटाला बांधायचे. मी हात वर करून आशीर्वाद द्यायचो. शेठसुद्धा बाहेरून तपासणीला माणसं आली की मलाच पुढे करायचे – मी त्यांना किस्से सांगत सांगत काडी फिरवायचो, आणि माणसं किस्से ऐकत माझ्या तोंडाकडे बघायची. हाताकडे कोण बघतो?

मग हेतल आली. कतारगामची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, क्वालिटीला लागली. तिने पहिल्याच दिवशी काडी सांध्यात घातली. दोन रेघा. दुसऱ्या वेळी पात्याखाली. दोन रेघा. आठवड्यात तिचं नाव पडलं – पनोती. जिच्या पायगुणाने सगळं बिघडतं ती. ती काडी घ्यायला निघाली की बायका पुटपुटायच्या. कुणीतरी पट्ट्याच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली.

ती एकदा माझ्याकडे आली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, खरंच शिकायचं होतं तिला. "रमेशभाई, आप काडी कहाँ घुमाते हो? एक बार दिखाओ ना. मेरा ही क्यों आता है?"

तेव्हा सांगता आलं असतं. हॉलमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते. मी माझा उजवा हात डोळ्यांना लावला, त्याची पापी घेतली आणि म्हणालो, "बेन, हे शिकवता येत नाही. हे वरून येतं." केवढा हशा. हेतलही हसली. ती हसली हे मला जास्त लागतं. रडली असती तर बरं होतं.

शेठ तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "बेन, तमारा हाथमां ज कंईक छे." तुझ्याच हातात काहीतरी आहे. तिची बदली लेबलं तपासायला केली, आणि थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून गेली. निरोपाचं भाषण मी केलं. विनोदी.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती चूक. मलाही बराच काळ वाटत होतं, इथवर सांगून थांबता येईल.

पॅकिंगला सुनंदा होती. आमच्याच गल्लीत राहायची, नवरा लूमवर, कापडाच्या मागावर. तिची मुलगी पूर्वा तेव्हा दुसरीत. पूर्वाला शेंगदाणा चालत नव्हता. आता विचार करा – खानदेशी घर. भाजीत कूट, खिचडीत कूट, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी. सुनंदाने घरातून शेंगदाणा हद्दपार केला होता. सासू चिडायची, नवरा जेवताना तोंड वाकडं करायचा, पण तिने ऐकलं नाही. त्या पोरीला गोड असं एकच मिळायचं, आमच्या राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा. तुटलेली वडी घरी न्यायला परवानगी होती.

सुनंदा दर वेळी माझ्याकडे येऊन विचारायची, "भाऊ, आजनी काडी तुम्हीच लिधी ना?"

कळतंय का? हेतलने काडी घेतलेल्या दिवशी ती तुकडा न्यायची नाही. ज्या दिवशी पट्टा दोन-दोनदा खोलून धुतला जायचा, त्या दिवशीची वडी तिला धोक्याची वाटायची. पनोतीच्या हातची. आणि माझ्या दिवशी ती निर्धास्त, रुमालात बांधून न्यायची. मी बघायचो. मी म्हणायचो, "घे, घे, माझ्या हातची आहे." हे शब्द माझे आहेत. कुणी मला म्हणायला लावले नव्हते.

मी स्वतःला सांगत होतो – इतके दिवस काही झालं नाही, म्हणजे होणार नाही. सांध्यातला गूळ सुटला तर सुटेल, एखाद्या वडीत जाईल, ती वडी कुठे जाईल कोण जाणे. लांब कुठेतरी. माझ्या डोळ्यांआड.

ती गेली आमच्याच गल्लीत.

संध्याकाळी आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो तर सुनंदा पोरीला खांद्यावर टाकून धावत होती. पूर्वाचे ओठ सुजलेले, डोळे बंद होत आलेले, आणि छातीतून एक आवाज – ती नक्कल मी केली होती, पण हा आवाज माझ्या नकलेत नव्हता. रिक्षा मीच थांबवली. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. वाचली.

पोर वाचल्यावर मी काय केलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात कुणी नसताना काडी सांध्यात फिरवली. दोन रेघा, ठळक. पट्टी मोडून खिशात घातली. शेठचा नवा हुकूम आहे असं सांगून सगळा पट्टा खोलायला लावला, आणि त्यानंतर दर वेळी खोलायला लावला, आणि काडी सांध्यातच फिरवली. तुकडे घरी न्यायचे बंद झाले असंही मीच ठोकून दिलं. सगळं गुपचूप दुरुस्त केलं. हात चांगला तो चांगलाच राहिला. पण त्याआधीची पाकिटं? लाल काट मारलेली, दुकानांत गेलेली, कुणाच्या तरी आईने वाचून, खात्री करून घेतलेली? ती कुठे फुटली, कुणी खाल्ली, मला माहीत नाही. मी शोध घेतला नाही. शेठला सांगून परत मागवता आली असती. मी सांगितलं नाही. रात्री नाही, दिवसाच, जेवताना वगैरे, मला तो छातीतला आवाज येतो, आणि तो पूर्वाचाच असतो असं नाही.

पूर्वा आता कॉलेजात आहे. तिच्या घरी तिच्या लहानपणीचा एक किस्सा फार चालतो. पाहुणे आले की निघतोच. सुनंदा म्हणते, "भाऊ, तुम्हीच सांगा, तुम्ही छान सांगता." आणि मी सांगतो. पूर्वा कप उचलून आत निघून जाते. आज तो जसा घडला तसा सांगतो.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी मी नारळपाणी घेऊन गेलो. सुनंदा खाटेवर बसून पोरीला विचारत होती, काय खाल्लंस, कुणाकडे खाल्लंस. डॉक्टरांनीही तेच विचारायला सांगितलं होतं. पूर्वा म्हणत होती, काही नाही, फक्त वडी खाल्ली. सुनंदाने ते मोडीतच काढलं. "भाऊना हातनी वडी शे ती. तिनामुये काही व्हवाव नही." भाऊंच्या हातच्या वडीने काही होणारच नाही, म्हणजे पोर खोटं बोलते. शेजारच्या खाटेवरची बाईही म्हणाली, मुलं लपवतात, घाबरतात.

पूर्वाने माझ्याकडे पाहिलं. "काका, मी वडीच खाल्ली. तुम्ही सांगा ना मम्मीला." आवाज बसलेला होता तिचा.

मी तोंड उघडलं. आणि माकडाची नक्कल केली. तिला हसू यावं म्हणून. ती नेहमी हसायची त्याला. या वेळी ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मग सुनंदा रडायला लागली. एवढं सगळं सोडलं तुझ्यासाठी, सासूचं ऐकून घेतलं, आणि तू मला खोटं सांगतेस, आता मी कशावर विश्वास ठेवू – असं काय काय, तोंडाला पदर लावून. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, हातात नारळ. पोरीने आईचा पदर ओढला. तो सुटेना. पुन्हा ओढला. आणि आईचं रडणं थांबावं म्हणून ती एकदम बोलून गेली:

"हो, खाल्ला मी. रिसेसमध्ये खाल्ला, मम्मी. एकच दाणा होता."