भाऊजींनी जप्त केलेली तागडी

नागपुरात आजवर जेवढी माणसं होऊन गेली, त्यांत "दोन्ही चांगली आहेत" हे वाक्य जन्मात एकदाही न उच्चारलेला माणूस एकच, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. पोरांनो, हे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ; मी त्यांना भाऊजी म्हणायची. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांच्या मीटरपट्ट्या आणि किलोची मापं तपासता तपासता नोकरी संपली, तपासणी मात्र संपली नाही. दोन लाडू समोर आले की त्यांतला सरस कोणता हे ठरल्याशिवाय ते तिसऱ्याला हात लावत नसत. लग्नाला गेले की नवरा उजवा की नवरी, हे मंगलाष्टकं संपायच्या आत जाहीर करून मोकळे. एकदा ते बसलेले असताना मी आणि तुमचे आजोबा पाठोपाठ शिंकलो, तर आजोबांचा दुसरा नंबर आला. माझ्या वांग्याच्या भरिताला दर गुरुवारी गुण मिळायचे: चव सात, रंग पाच, मीठ साडेसहा. मी एकदा म्हटलं, भाऊजी, पाहुण्यानं नुसतं 'छान' म्हणावं. कोटाच्या खिशातून गूळ-फुटाणे काढून तोंडात टाकत ते म्हणाले, "वहिनी, छान हे काय माप आहे? किती ग्रॅमचं?" तो कोट ते मे महिन्यातही घालत आणि खिशातला गूळ विरघळून त्यांच्या मागोमाग आमच्याकडे मुंग्या येत.

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्याकडे दोन तरुण समोरासमोर उभे राहून यमक जुळवत एकमेकांचा उद्धार करतात आणि तिसरा कोणी निकाल देतो. मला भाऊजीच आठवले. आमच्याकडे याला खडी गंमत म्हणत. एक पक्ष कलगीचा, दुसरा तुऱ्याचा. डफ वाजवत एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा आणि जाता जाता चिमटा काढायचा. रिवाज असा की हरणाऱ्यानं आपला डफ जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, दुपारी कोष्टी वस्तीतल्या मैदानात सामना ठरला. तुऱ्याचे शाहीर उमरेडचे म्हातारे विणकर. हातमाग बंद पडलेला, पाय अधू. उरला होता तो वडिलांच्या हातचा डफ. कलगीचा शाहीर कामठीचा, पंचविशीतला, यंत्रमागावर काम करणारा. म्हाताऱ्यांचं गाणं हातमागासारखं, सुताचा धोटा एकदा इकडून तिकडे जाईपर्यंत तुम्ही चहा पिऊन घ्यावा. पोराचं नुसतं खडखड खडखड, श्वास कुठं घेतो तेच कळेना. निकालाला भाऊजी. सकाळीच ते आमच्या घरची पितळी तागडी मागून घेऊन गेले. चारचौघांत जायची म्हणून ती मी चिंच लावून, बुडापासून, स्वतः घासून दिली होती.

भाऊजींची पद्धत त्यांचीच. उजवं पारडं कलगीचं, डावं तुऱ्याचं. जवाब वजनदार असेल तर मोठा चिंचोका, हलका असेल तर बारीक. कोणी म्हणालं, सरळ मोजा ना. ते म्हणाले, जवाब मोजायचे नसतात, तोलायचे असतात.

म्हाताऱ्यांनी डफावर थाप मारली:

सूत न घेता, माग न मांडता, कोन्या कारागिरानं विणलं रे,
सांग गड्या, त्या लुगड्यानं अंग कोनाचं झाकलं रे?

पोरानं दम न घेता परत केलं:

कोळ्यानं विणलं, माशीले नेसवलं, नेसवून तिलेच खाल्लं रे,
बुवा, तुमचं कोडं सुटेपर्यंत माह्यं लुगडं विकल्या गेलं रे!

मैदान हसून लोळलं. हसू थांबल्यावर म्हातारे हळूच म्हणाले, "विकलं तं विकलं गा. धुतल्यावर सांगजो, रंग किती उरला ते." आता बायकांची बाजू लोळली. भाऊजींनी दोघांनाही चिंचोके घातले आणि स्वतःला एक फुटाणा.

असं तीन तास चाललं. ऊन कललं आणि भाऊजींनी तागडी उचलली. उजवं पारडं खाली गेलं. एवढंसं, पण गेलं.

पोरगा नाचलाबिचला नाही. डफ देण्याआधी म्हाताऱ्यांनी त्यावर बांधलेला आपल्या पक्षाचा तुरा सोडायला घेतला. गाठ सुटेना. "घे बाबू," ते म्हणाले, "थंडीत याले उन्हात ठेवत जाजो, नाही तं कातडं बोलत नाही." पोरगा दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला.

भाऊजी तागडी हातात धरून त्या गाठीकडे पाहत होते. मग म्हणाले, "थांबा. निरीक्षकानं माप तपासल्याशिवाय निकाल देता येत नाही." पाठमोरे होऊन त्यांनी चिंचोके काढले, पारडी चाचपली, आणि वळून उजवं पारडं उलटं करून सगळ्यांना दाखवलं. बुडाला बोराएवढा गूळ चिकटलेला.

"हे माप खोटं आहे," ते गरजले. "हे कधीपासून चिकटून राहिलं, देव जाणे. आजचा सामना रद्द. तागडी जप्त." आणि बायकांच्या बाजूला मान वळवून म्हणाले, "वहिनी, भांडी बुडातूनही घासायची असतात."

शंभर बायकांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या घरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लागतात, त्या घराच्या भांड्याला गूळ! मी तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगा खाली वाकून म्हाताऱ्यांच्या डफाची अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा बांधून देताना दिसला. मी तोंड मिटलं. पुढचं वर्षभर शेजारणी माझ्याकडची वाटी परत करताना तिचं बूड पाहायच्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. भाऊजी तागडी घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि पानावर बसले. मी भरीत वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "दहापैकी दहा."

त्यांनी दोनदा मागून घेतलं. ती तागडी अजून माझ्याकडे आहे. रिकामी धरली की दोन्ही पारडी एका रेषेत राहतात. त्या गुरुवारी ते जेवून गेल्यावर मी पानावर बसले, तेव्हा कळलं की रागाच्या भरात भरितात मीठ घालायचंच राहून गेलं होतं.